रॅम्पवरून आलो

सगळे जेवायला गेले आणि वरच्या मजल्यावर बिरू उरला. बिरू, त्याची चाकाची खुर्ची आणि समोर बावीस पायऱ्यांचा जिना.

पावणेदोन वाजले होते. परीक्षेच्या अर्जाची खिडकी दोनला बंद होणार होती आणि आज शेवटची तारीख. सही खिडकीसमोरच करायची. तीन दिवस कचेरी समितीच्या तयारीत, त्यामुळं खिडकी उघडलीच नव्हती. भरलेला अर्ज बिरूच्या मांडीवर होता. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. वर्ष वाया गेलं तर बाप पुन्हा नळदुर्गच्या या कॉलेजात पाठवणार नव्हता.

कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती आली होती. तिच्यासाठी वरच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं होतं, ‘सर्वांना सामावून घेणारी पन्नास वर्षं’. पहिल्या चौकटीत कॉलेजची पहिली विद्यार्थिनी, द्वारकाबाई. मग तांड्यावरून आलेला पहिला मुलगा. शेवटच्या चौकटीत बिरू, रॅम्पवर हसताना. हा रॅम्प खालच्या तीन पायऱ्यांपुरता. व्हरांड्यात चढवतो आणि तिथंच सोडून देतो.

खरं तर फोटो पुरला असता. पण प्राचार्यांना जिवंत बिरूही हवा होता. सकाळी वर्गातल्या चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर आणलं. प्राचार्यांनी एक वाक्य त्याच्याकडून घोटून घेतलं. समितीतल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, “वर कसे आलात?” बिरू म्हणाला, “रॅम्पवरून आलो, मॅडम.” बाईंनी ते वहीत लिहिलं. प्राचार्यांच्या जिवात जीव आला.

आता ते चौघं खाली समितीच्या पंगतीत वाढत होते. मोबाईल बंद ठेवायचा त्यांना हुकूम होता. बिरूनं कचेरीत फोन लावला.

“बब्रुवानभाऊ, म्या वरच अडकलोय. कुणाला तरी धाडा की. अर्ज द्यायचाय.”

कारकून दबक्या आवाजात बोलला. “आरं बाबा, जिन्याम्होरंच समिती जेवायलीय. तुला उचलून आणताना बघितलं म्हंजी? रॅम्पवरनं आलो म्हणालास न्हवं?”

“मग खिडकी तरी जरा उशिरा बंद करा.”

“ते कॉम्प्युटरवर आपोआप बंद हुतंय. माझ्या हातात न्हाय.”

फोन बंद झाला. बिरूला रडू आलं. हाक मारावी तर समितीच ऐकणार. वाक्य प्राचार्यांचं असलं तरी तोंड त्याचंच होतं, आणि याच कॉलेजनं त्याला प्रवेश दिला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. हायवेवरचे ट्रक खुशाल हैदराबादकडं चालले होते आणि त्याला बावीस पायऱ्या उतरता येत नव्हत्या.

चौकटीतून द्वारकाबाई हसत होत्या. त्यांच्या आजूबाजूचे सगळे बाक रिकामे होते. एवढ्या वेळात बिरूला ते आत्ता दिसलं. यांनाही कुणीतरी हसायला सांगितलं असेल, असं त्याला वाटलं आणि त्या एकदम सख्ख्या वाटल्या.

जिन्यावर पावलं वाजली. समितीतल्या त्याच बाई चष्मा विसरल्या होत्या. पाठोपाठ धापा टाकत प्राचार्य.

“अरे, तुम्ही अजून इथंच?” बाई म्हणाल्या. “चला, बरोबरच उतरू. तुमचा रॅम्पही बघायचा राहिलाय. कुठल्या बाजूला आहे?”

बाईंच्या मागं प्राचार्य जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. घड्याळात दोनला सहा मिनिटं कमी होती. बिरूनं मांडीवरचा अर्ज घट्ट धरला.

“रॅम्प व्हय? त्यो खाली पंगतीत वाढायलाय, मॅडम,” तो म्हणाला. “चौघं हायेत. हाक मारू का?”