बेस

सूर्यभाननं वूफरच्या खोक्याचा शेवटचा स्क्रू काढला, मागची फळी बाजूला ठेवली आणि आत बॅटरी मारली. स्पीकर बारा इंचीच होता. त्यानं पट्टी लावून मोजला, मग पट्टी फिरवून पुन्हा मोजला. दुकानदार बन्सीधर सूर्यभानच्या घरी दाराशी उभा राहून हा सगळा पंचनामा बघत होता. परभणीत त्याचं दुकान नावाजलेलं, आणि त्याच्या मालाची पाठ अशी कुणी आजवर उघडून बघितली नव्हती.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"कुठंतरी पाणी मुरायलंय, शेठ," सूर्यभान म्हणाला. "दिसायला बारा इंची, अन् आवाज बघा. मेलेला."

हे तिसरं खोकं होतं. आधीची दोन त्यानं अशीच उघडून, हुंगून परत केली होती. सूर्यभान पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून. नवीन घर बांधलं तेव्हा पुढची खोली त्यानं खास ऐकण्यासाठी राखली. भिंतींना पोती ठोकली, खिडकीवर गोधडी टांगली. गल्लीतले म्हणायचे, ह्याला येड लागलंय. आता लागलं होतं तर लागलं होतं, पण ते एकाच कॅसेटचं.

त्याचा बाप सटवाजी ढोलकी वाजवायचा. भीमजयंती आली की गावोगावचे लोक त्याला न्यायला यायचे. लहानपणी सूर्यभान मंडपात बापाच्या पाठीला टेकून झोपायचा, आणि बापाच्या डाव्या हाताचा धुम त्याच्या बरगड्यांत घुमायचा. बाप लवकर गेला. मागं उरली ती ही एवढी एक कॅसेट. नामांतराची दंगल झाली, त्याच्या पुढच्या जयंतीला सोनपेठात कुणीतरी टेप केलेली. तिच्यात उजव्या हाताची थाप अशी कडक यायची की बाप समोर येऊन बसलाय वाटावं. धुम मात्र हरवलेला. यायचा तो दबत, चुकतमाकत यायचा. बापाचा हात असा नव्हताच. तो धुम एकदा नीट ऐकायला मिळाला असता तर सूर्यभानला जन्मात दुसरं काही मागायचं नव्हतं.

आता मशीनवरचा त्याचा संशय हळूहळू घरात शिरला होता. नवं खोकं आलं की तो आईला, तानुबाईला, हाक मारायचा. "माय, बेस हाय का?" गाणं संपायच्या आतच ती म्हणायची, "बेस हाय की. लय बेस हाय." आणि उठून आत जायची. आधी त्याला बरं वाटायचं. मग त्याच्या लक्षात आलं, ही न ऐकताच बोलतेय. हा धुम मेलेला हाय असं तो म्हणाला की तिचा चेहरा उतरायचा, आणि मग निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडायला घ्यायची. त्याच्या मनात पाल चुकचुकली. हिनं असली कॅसेट कुणाला तरी देऊन टाकली असणार, आणि घरात ही नक्कल ठेवली.

बन्सीधरनं फळी जागेवर बसवली आणि खिशातून आपली कॅसेट काढून लावली. पहिल्याच ठोक्याला फडताळातल्या कपबशा खडखडल्या. सूर्यभानच्या छातीत धक्का बसला.

"ऐकलं? खोकं बोलायलंय," बन्सीधर म्हणाला. "तुमच्या कॅसेटीतच बेस न्हाई, साहेब."

"कसा न्हाई? आमची माय रोज म्हणते, हाय म्हणून." सूर्यभान उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईकडं वळला. "म्हणतीस का न्हाई?"

"म्हणते की. चांगलं हाय म्हणते."

बन्सीधरला हसू आवरेना. "मावशी, तुमचा बेस येगळा. ह्या मशीनीचा बेस म्हणजे ढोलकीच्या डाव्या हाताचा ठोका. धुम."

तानुबाई हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला. एवढे दिवस लेक आपल्याला काय विचारत होता, ते तिला आत्ता कळलं. सूर्यभानचा संशय पक्का व्हायला तिचा तो चेहराच पुरला. त्यानं बापाची कॅसेट चढवली. उजवी थाप खणखणली, आणि तिच्यामागून तो दबका धुम धडपडत आला.

"खरं सांग, माय. असली कॅसेट कुणाला दिलीस?"

"हीच असली हाय, बाबा."

"मग बाचा डावा हात कुठं गेला?"

तानुबाई उंबऱ्यातच खाली बसली.

"दंगलीत गेला," ती म्हणाली. "कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. बोटं पुन्हा हाललीच न्हाईत. तू औरंगाबादला शिकायला व्हतास. कळलं असतं तर पुस्तकं टाकून गावात आला असतास, म्हून त्यांनी सांगू दिलं न्हाई. तू सुट्टीला आलास की हात उपरण्यात घालून बसायचे."

सूर्यभानला ते उपरणं आठवलं. भर वैशाखात बाप ते हातावरून काढायचा नाही, आणि त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं. गाणं चालूच होतं.

"मग ह्या कॅसेटीत डाव्या बाजूला कोण वाजवायलंय?" सूर्यभाननं विचारलं.

"जयंती तोंडावर आली. ढोलकी बंद ऱ्हायची न्हाई म्हणले. दुसरा कुणी मिळाला न्हाई." तानुबाईनं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली. "मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले. मला कुठं यायचं वाजवायला? ते मान हालवायचे, मी मारायची. उजवी थाप त्यांची हाय, सूर्या. डावी माझी."