आडवे दगड

मळवलीच्या डोंगरवाटेचं पाणी भाताच्या रोपांत घुसू नये, म्हणून हौशीरामआबा दर वैशाखात वाटेवर आडवे दगड रोवायचे. बॅटरीच्या सायकलींवरची शहरी पोरं, हादरे बसतात म्हणून, दर रविवारी ते उपटायची. सांगून सांगून आबांच्या घशाला कोरड पडली होती. आज त्यांतलाच एक घामाघूम होऊन दारात आला. “वाटेवर मोटारगाड्यांना बंदी हाय, कितींदा सांगू?” आबा कडाडले. “ही सायकल आहे, आबा!” “मंग मार की पायडल! हितं कशाला आलास?” तो ओशाळला. “बॅटरी संपली. हे धूड ढकलवत नाही. चार्जिंगला लावू का?” आबांच्या बायकोनं तोवर पाणी देऊन प्लगही दाखवला होता. आबांनी कपाळावर हात मारला. “किती येळ लागंल?” “चार तास.” आबांनी कोपऱ्यातली पहार त्याच्या हातात दिली. “मंग हुतंय तेवढ्यात. बावीसच दगड उपटलेत तुमी.”