झोपाळ्याला कुलूप

"या कॉलनीत कसलं राहताय, ताई? पोरांनी माझ्या गाडीला चेंडू मारला, पाहिलंत ना?" बदली होऊन नाशकात आलेल्या शैलजाला आणि तिच्या दोन मुलींना घरं दाखवणाऱ्या एजंटानं तिथून तडक एका उच्चभ्रू सोसायटीत आणलं.

"आमच्याकडे इतकी शांतता, की मुलं आहेत हे कळतसुद्धा नाही!" सेक्रेटरी असे फुशारले, जणू ढेकणांचाच बंदोबस्त केला होता.

बागेत झोपाळा होता. त्याला साखळी, साखळीला कुलूप. मुली हिरमुसल्या.

"हे उघडता कधी?" शैलजानं विचारलं.

"बालदिनाला. फोटोपुरतं."

शैलजानं कोपरापासून हात जोडले. "स्मशानातसुद्धा निदान कावळे ओरडतात, साहेब." मग ती एजंटाकडे वळली. "चला, तुमच्या गाडीला चेंडू लागला ना, तिथलंच घर दाखवा."