डिस्कवर चार थेंब

‘‘तुला दोनदा गाडी खोलून जमलं नाही, ते मी चार थेंबांत केलं,’’ असं सांगतच काका गॅरेजात शिरले. स्वारी इतकी खूश की मेकॅनिकने ‘या’ म्हणायचीही वाट पाहिली नाही.

काकांचा उभा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला. मशीन कुरकुरलं की तेल, अडखळलं की तेल. घरात दार करकरलं तरी ह्यांची तेलाची पिचकारी तयार. आणि लेकीच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक तर असा किंचाळायचा की ती कोपऱ्यावर आली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. मेकॅनिकने पॅड काढले, घासले, धूळ झाडली. दोन दिवस गप्प, मग पुन्हा तेच. पॅड घासून काचेसारखे गुळगुळीत झालेत, नवे मागवलेत, तोवर वाजला तर वाजू द्या, असं त्याने सांगितलं होतं. पण काल जिन्यात वरच्या मजल्यावरचं कोणीतरी लेकीला पाहून ‘आला भोंगा’ म्हणालं आणि काकांच्या मस्तकात तिडीक गेली. माझ्या पोरीला भोंगा म्हणता? आज सकाळी ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी कार्यभाग उरकला. ती निघाली तेव्हा कोपऱ्यावर चू की चा झालं नाही.

मेकॅनिक हसत होता. हसता हसता त्याने विचारलं, ‘‘तेल घातलंत कुठे?’’

‘‘त्या डिस्कवर. दोन्ही बाजूंनी, चाक फिरवून फिरवून.’’

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला.

‘‘काका, ते पॅड ती डिस्क घट्ट पकडतात म्हणून गाडी थांबते. तेल लागलं की पकड गेली. ताई आहेत कुठे आता?’’

ती कामाला निघाली होती. म्हणजे पाण्याच्या टाकीजवळून खाली चौकात जाणारा तो उतार.

काकांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती उचलणार नव्हतीच. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हे काकांनीच तिच्या मागे लागून लागून तिच्या डोक्यात बसवलं होतं. बापाचं एक म्हणून ऐकत नाही ही पोरगी, पण एवढं मात्र तिने अगदी शब्दाला शब्द पाळलं होतं.

मेकॅनिकने नुकतेच आलेले नवे पॅड खिशात कोंबले, दुरुस्तीला आलेल्या एका स्कूटरला किक मारली, फोन लावत राहा म्हणाला आणि गेला. काका मागे राहिले. दारापर्यंत जायचे, परत यायचे. लांबून कुठलाही आवाज आला की रस्त्यावर डोकवायचे. कोणीतरी पंक्चर काढायला आलं. काकांनी त्याला गॅरेज बंद आहे म्हणून सांगितलं, आणि सगळं सताड उघडं असताना असं सांगतो म्हणून तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला, तर त्याच्यावरच खेकसले. वेड्यासारखे ते पुन्हा पुन्हा तिचा नंबर दाबत होते आणि फोन वाजून वाजून बंद पडत होता. देवा, हात झडला का नाही माझा, असं ते मोठ्याने बोलले.

मग फोन आला. तिचाच.

‘‘बाबा, घाबरू नका. थांबले मी.’’ तिला धाप लागली होती. उतारावर पुढचा ब्रेक दाबला तर लागेचना, मागचा दाबला, गिअर पाडले, शेवटी गाडी भिंतीला घासत नेली. कोपर सोललंय, बाकी काही नाही. एवढं सांगेपर्यंत पलीकडे स्कूटर येऊन थांबल्याचं काकांना ऐकू आलं. आणि मग लेकीचा आवाज चढला, पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

‘‘अहो, काय करून ठेवलंत हे? डिस्क नुसती तेलाने बुळबुळतेय. जीव गेला असता माझा. पुन्हा गाडी देणार नाही तुमच्याकडे, आणि दुसऱ्या कोणाला देऊही देणार नाही.’’

‘‘चुकलं ताई,’’ मेकॅनिक म्हणाला. ‘‘माझ्याच हातून सांडलं असणार. नवे पॅड आणलेत, डिस्क साफ करून आत्ता बसवून देतो.’’

काकांनी ते ऐकलं. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना हायसं वाटलं. पोरगी धडधाकट होती, मेकॅनिक आपणहून सगळं अंगावर घेत होता, आणि कोणी विचारायलाही येणार नव्हतं. पण दुरुस्ती करणाऱ्याचं नाव कसं जातं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाने ‘त्याने बिघडवलं’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं, आणि मग बापड्याने कितीही घासलं तरी ते निघत नाही.

‘‘त्याला काही बोलू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘तेल मी घातलं. तुला लोक हसतात ते मला बघवेना.’’

आता ही ओरडणार, असं काकांना वाटलं. ओरडावं असंच वाटलं. तिने शिव्या घातल्या असत्या तरी त्यांनी गोड मानून घेतल्या असत्या.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही मघापासून उभेच आहात ना?’’

काका अजून दारातच होते.

‘‘आधी खाली बसा कुठेतरी.’’

हाताशी लागला त्या टायरवर ते बसले.

‘‘बसलात?’’ तिने विचारलं.

काकांना नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं, ‘‘कोपराला फार लागलंय का गं?’’