ह्यांचं फिटिंग

भीमाने बाथरूमच्या टाइलवर छिन्नी टेकवली, हातोडी उगारली आणि केशरबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा. आधी मला बघू दे."

भीमा राहुरीतला जुना प्लंबर. तोडफोड केल्याशिवाय काम केल्यासारखं त्याला वाटतच नसे. त्याचं निदान कधीच करून झालं होतं. बावीस वर्षांची लोखंडी पाइपं आतून गंजली असणार, म्हणून घरभर पाण्याला जोर नाही. भिंती फोडायच्या, सगळी लाइन नवी टाकायची. केशरबाईंचा मुलगा करण लगेच तयार झाला. आंघोळीची बादली भरायला अर्धा तास लागत होता, रोज कामावर उशीर होत होता. वैतागलेला माणूस बोलून जातो तसा तोही बोलून गेला, की आण्णांना हे काम मुळात झेपलंच नव्हतं, हौसेपायी साऱ्या घराचा घोळ करून ठेवला.

आण्णा म्हणजे केशरबाईंचे यजमान, गोरक्षनाथ. साखर कारखान्यात फिटर होते. या घरातला एकेक सांधा त्यांनी स्वतः आवळला होता. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्यांच्या हाताचं म्हणावं असं एवढंच मागे राहिलं. करणचं बोलणं केशरबाईंच्या जिव्हारी लागलं, पण त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांनी एकच बादली घेतली आणि स्वयंपाकघर, बाथरूम, मोरी, अंगण अशा सगळ्या नळांखाली ती भरून बघितली. सून दिशा मोबाईलमध्ये वेळ बघत मागोमाग फिरली. प्रत्येक नळाला तेवढाच वेळ, तेवढीच करंगळीएवढी धार. केशरबाईंनी भीमाला समजावलं, की पाइपं गंजली असती तर एक नळ रडला असता, दुसरा हसला असता. सगळेच सारखे रडतायत, म्हणजे दोष भिंतीत नाही, वर टाकीपाशी आहे. फिटरबरोबर पस्तीस वर्षं संसार केल्यावर एवढं तर डोक्यात शिरणारच.

"वरचा व्हॉल मी बघितलाय, काकू. पुरता उघडा हाय," भीमा म्हणाला.

"नुसता बघितलास. खोलला न्हाईस."

भीमाच्या पिशवीतला पाना त्यांनीच काढून घेतला. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता? गच्चीवर काळी टाकी अर्धी भरलेली होती. केशरबाईंनी व्हॉलच्या, म्हणजे टाकीचं पाणी सोडायच्या चावीच्या, खालचा सांधा खोलला. पाण्याने अंगावर यायला हवं होतं, आली ती नुसती बारीक धार. म्हणजे अडकलंय ते इथेच. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी आत घालून तळ चाचपला. पाणी जिथून बाहेर पडतं त्या भोकाशी काहीतरी मऊ लागलं. आकडी फिरवून ओढलं तसा सांध्यातून लोट सुटला आणि त्या गुडघ्यापर्यंत भिजल्या.

आकडीला हिरव्या काठाचं फडकं लोंबत होतं. त्यांच्याच पातळाचं.

पावसाळ्यात मुळा नदीचं पाणी गढूळ येतं, म्हणून टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाला त्या दरसाल फडकं बांधत. श्रावणात एक नाहीसं झालं होतं. वाऱ्याने उडालं असेल म्हणून त्यांनी दुसरं बांधलं आणि विसरून गेल्या. गाठच ढिली बसली होती. केशरबाईंना स्वतःची फार लाज वाटली. महिनाभर घर ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतं, त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता.

व्हॉल बंद करून त्यांनी सांधा पुन्हा आवळला, मग व्हॉल पूर्ण सोडला. खाली नळ ठसकले आणि धो धो वाहू लागले. जिन्यातून भीमाने विचारलं, "काकू, व्हॉलच खराब निगाला ना?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. फडकं पदराखाली कुणाला दिसलं नसतं. पण तो व्हॉलही गोरक्षनाथांनीच बसवलेला होता.

केशरबाई खाली आल्या. करण बाथरूमच्या दारात ओल्या हातांनी उभा होता, चेहरा खुललेला. त्यांनी ते निथळतं फडकं त्याच्या हातात ठेवलं.

"व्हॉल चांगला हाय. पाइपं चांगली हायेत. हे मी बांधलेलं फडकं हाय, टाकीत पडून आडकलं हुतं." त्यांनी पदराला ओले हात पुसले. "आता बोल लावायचा तर मला लाव, करण. मी हितं हाय, ऐकून घेईन. त्यांना लावू नको, त्यांना उत्तर देता येत न्हाई."