एका हाताने उघडेल असा

"एका हाताने उघडायला हवा," बाई म्हणाली. "आणि फार महाग नको."

चाकूवाल्याने काचेच्या कपाटातून घडीचे तीन चाकू काढून फडक्यावर मांडले. कुलपं, किल्ल्या, कात्र्या आणि चाकू, एवढ्यावर त्याचं दुकान तीस वर्षं चाललं होतं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय हवंय ते आपण ओळखतो, असा त्याचा समज होता. ही बाई मात्र उमगेना. चाळिशीची, अंगावर इस्पितळाच्या धुलाईखात्याचा निळा झगा, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"हा लाकडी मुठीचा सगळ्यात स्वस्त," तो म्हणाला. "पण पातं नखाने ओढावं लागतं. दोन्ही हात लागतात."

"मग नको."

"याला पात्यावर बोंड आहे. अंगठ्याने ढकललं की उघडतो. उघडला की खटक्यात पक्का बसतो, बोटांवर मिटत नाही."

तिने तो उचलला. उजव्या हातात धरून उघडला, मिटला. मग डाव्या हाताने पिशवी छातीशी घट्ट कवटाळली, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि तिथे चाकू उघडून पाहिला. पाच-सहा वेळा. शाळेतली पोर पाढे घोकते तसं. झग्याची बाही कोपरापर्यंत घसरली. मनगटाच्या वर चार बोटांचे निळे वळ होते.

चाकूवाल्याने नजर दुसरीकडे वळवली.

"घरात वापरायला?"

"अंगावर ठेवायला. रोज. नवऱ्याला कळता कामा नये. घरातल्या सुऱ्या, कात्र्या सगळ्या मीच काढून टाकल्यात. भाजीसुद्धा शेजारी जाऊन चिरून आणते."

"ताई, काही त्रास असेल तर सांगा."

"जाड काही असलं तर एका झटक्यात कापेल का, काका?"

"जाड म्हणजे काय?"

"काहीही."

त्याने खोक्याचा दुहेरी पुठ्ठा घेतला आणि पातं फिरवलं. लोण्यातून गेल्यासारखं गेलं. बाईने सुस्कारा सोडला. "हाच द्या," ती म्हणाली.

चाकूवाल्याला जुनी गोष्ट आठवली. अकरा वर्षांपूर्वी एक हसतमुख माणूस फळं कापायला म्हणून चाकू घेऊन गेला होता. संध्याकाळी पोलीस तोच चाकू ओळखायला घेऊन आले. त्या माणसाने सख्ख्या भावाला भोसकलं होतं. दोष कुणी दिला नाही, पण चाकूवाल्याला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. तेव्हापासून तो तावातावाने आलेल्या माणसाला चाकू विकत नसे. ही बाई तावात नव्हती. म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली.

नाही म्हटलं असतं तर ती पुढच्या दुकानात गेली असती.

"खिळीला तेल सोडून आणतो," असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला. तिथे धार लावायचा दगड होता. त्याने पातं दगडाच्या कडेवर उभं धरून तीनदा ओढलं. वरवर काही कळत नव्हतं, पण धार पार गेली होती. त्याने चाकू कागदात गुंडाळून दिला.

"फार उपकार झाले," बाई म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. बायकोने हातातला घास खाली ठेवला.

"अहो, तो मारतो तिला. तिच्याजवळ आधाराला एवढंच होतं. तेही तुम्ही बोथट करून दिलंत?"

"खून झाला असता."

"आणि आता तिचाच झाला तर?"

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून, खिशात तसाच दुसरा धारदार चाकू घालून तो इस्पितळाच्या मागच्या दाराशी गेला. त्याने बाईचं वर्णन सांगितलं, तशी धुलाईखात्यातल्या मुकादमाने चादरींच्या ढिगाआडून मान वर केली.

"ती आज आली नाही. घरी काहीतरी झालंय म्हणे. काय ते कुणी बोलत नाही."

"घर कुठे तिचं?"

"ते नाही माहीत."

आठ दिवस चाकूवाला वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिला. दारात सावली पडली तरी दचकायचा.

नवव्या दिवशी दुपारी बाई आली. डावा हात गळ्यात अडकवलेला. तिने चाकू काचेवर ठेवला.

"हा कापत नाही, काका. बदलून द्या."

तिला जिवंत पाहून त्याने हात जोडले.

"ताई, धार मीच घालवली. तुमच्या हातावरचे वळ पाहिले. वाटलं, रागाच्या भरात तुम्ही नवऱ्यावर चालवाल. तुमच्या हातून भलतंसलतं होऊ नये म्हणून..."

बाई बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मी या हाताने त्याचे पाय उचलून धरले होते, काका, आणि दुसऱ्या हाताने वरचा दोर कापत होते. शेजारी दार तोडून आत आले, म्हणून तो वाचला. आता नीट धार लावून द्या. दर वेळी शेजारी घरी असतीलच असं नाही."