भरीव भिंत

दहाव्या घराच्या भिंतीला आतून यंत्र टेकवून इंजिनीअरबाईंनी आकडा वाचला. "तीस." बाहेर ऊन चाळिशीच्या पुढे गेलं होतं.

मिस्त्रीने नाक मुरडलं. तीस वर्षं ओळंबा धरलेल्या माणसासमोर ही बाई एक डबडं घेऊन भिंतींचा ताप बघत फिरत होती. शेतावर आणि गिरणीत राबणाऱ्या जोडप्यांची ही पहिलीवहिली घरं, आणि बाईंनी भिंती सांगितल्या त्या पोटातून पोकळ. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचायच्या आणि मध्ये चार बोटं जागा रिकामी सोडायची. विटा कमी लागतात, शिवाय आतली हवा ऊन अडवते म्हणे. हवेने ऊन अडलं असतं तर माणसं झाडाखाली कशाला बसली असती? बाईंच्या पाठीमागे तो त्यांना 'पोकळबाई' म्हणायचा आणि मजूर खो खो हसायचे.

दहा घरं त्याने बाईंच्या म्हणण्याप्रमाणे बांधली. परक्यांची घरं, त्यांचं ते बघून घेतील. अकरावं मात्र त्याच्या मुलीला मिळालं होतं, आणि पोटच्या पोरीला पोकळ घर देणारा बाप तो नव्हता. तिच्या भिंती चढत असताना बाई आठवडाभर रजेवर गेल्या. तेवढ्यात त्याने मधली एकूण एक जागा विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा मसाला घालून गच्च भरली. गिलावा झाल्यावर नखाएवढा फरक दिसेना. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, मुलीलासुद्धा नाही.

"आता अकरावं मोजा की," तो म्हणाला. आकडा आला की सगळ्यांसमोर सांगायचं, भिंत कशाला म्हणतात ते. दोन महिने तो या दिवसाची वाट बघत होता.

मुलीने दार उघडलं. तिच्या खिडकीवर ओली चादर टांगलेली होती. बाकी दहा घरांत कुणी असलं काही केलं नव्हतं. पाळण्यात चार महिन्यांचं बाळ किरकिरत होतं. त्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं. लहान मुलांना घामोळं यायचंच, उगाच बाऊ करू नकोस, असं मिस्त्रीने तिला कितीदा तरी दटावलं होतं.

बाईंनी यंत्र टेकवलं. ते पुसून पुन्हा टेकवलं, मग समोरच्या भिंतीला लावून पाहिलं.

"छत्तीस. असं कसं? नकाशा तोच, वीट तीच, छप्पर तेच."

मिस्त्रीने भिंतीला तळवा लावला. ती तापलेल्या कपाळासारखी लागली.

मुलीला बाईंचं बोलणं झोंबलं. "मॅडम, हे घर माझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलंय," ती म्हणाली. "चूक असली तर तुमच्या त्या डबड्याची. त्याला काय कळतंय?"

मुलगी बापाकडे बघत होती, त्याने आता बाईंना चांगलं सुनवावं म्हणून.

मिस्त्रीने वाकून बाळाच्या मानेवर फुंकर घातली.

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला.